ऑपरेशननंतर चालायचं कसं, एकट्याने की ग्रुपमध्ये?

वजन कमी करायचं पोटाचं ऑपरेशन (स्लीव्ह किंवा गॅस्ट्रिक बायपास) झालेले बरेच जण विचारतात म्हणून लिहितेय. एकट्याने चालण्यात वेग आपला असतो, सुरुवातीला घोट घोट पाणी पीत मध्येच बसावं लागतं तेव्हा कुणाला गाठायची घाई नसते. पण पुढे वजन अडकलं की, आणि ते बहुतेकांचं कधी ना कधी अडकतंच, एकटा माणूस काट्याकडे बघून खचतो आणि चालणंच सोडतो. ग्रुपमध्ये ऑपरेशन झालेलंच कुणीतरी सांगतं की अगं माझंही असंच थांबलेलं, प्रोटीन बघ, दिवसाला ६० ग्रॅम तरी जातंय का, आणि सर्जननी परवानगी दिल्यावर हलके डंबेल्स सुरू कर कारण चरबीबरोबर स्नायूपण जातात. हे ऐकायला माणूस लागतोच!

ग्रुपमधली किलोंची तुलना मात्र मला खरंच खटकते. प्रत्येकाचं वय वेगळं, आधीचं वजन वेगळं, कुणाला डायबेटिस. त्यापेक्षा टार्गेट न थांबता जिना चढायचं ठेवा, किंवा हळूहळू वाढवत आठवड्याला १५० मिनिटं चालायचं. माझं मत, पहिला महिना घरच्या कुणाला तरी सोबत घेऊन आपल्या वेगाने, मग ग्रुप. जड उचलणं साधारण ४ ते ६ आठवडे नकोच, नंतरही सर्जनना विचारूनच.