पारदर्शक अलाइनर, आठ महिन्यांनंतर: सगळा जीव बटणांत

अलाइनर म्हणजे दात सरळ करायला तारेऐवजी दातांवर चढवायच्या, क्रमाने बदलत जायच्या पारदर्शक प्लास्टिकच्या खोळी, म्हणजेच ट्रे. ते किती असतात, किती दिवसांनी बदलतात, हे इथे येणाऱ्यांना माहीत असणारच. म्हणून थेट बटणांवर येतो, म्हणजे दातांवर चिकटवलेल्या कॉम्पोझिटच्या (दाताच्या रंगाच्या भरणाच्या) त्या बारीक दाण्यांवर. अकराव्या ट्रेला उजव्या सुळ्यावरचं बटण निघालं आणि क्लिनिकने ते परत लावायचे वेगळे पैसे मागितले. म्हणून हे लिहायला घेतलं.

आधी वाटायचं, न दिसणारी तार म्हणून पैसे घ्यायचे आणि वर दातांवर खडे चिकटवायचे, हा अन्याय आहे. ते मत आता राहिलं नाही. सुळा आणि त्याच्यामागची उपदाढ गोलसर असतात. गुळगुळीत प्लास्टिक त्यांच्यावरून नुसतं घसरतं. बटणाची कड मिळाली तरच दात वळतो. एका ट्रेची चाल जेमतेम पाव मिलिमीटर. बटण नसेल तर बाकीचे दात पुढे सरकतात आणि तो एकटा मागे राहतो. मग आरशात त्याच्या टोकाशी, दात आणि ट्रेच्या मधे, बारीक पोकळी दिसते. ती दिसली की पुढचा ट्रे चढवायचा नाही. लगेच डॉक्टरांना फोटो पाठवायचा, आणि ते सांगेपर्यंत आहे तोच ट्रे ठेवून दिवसातून दोनदा पाच-दहा मिनिटं त्या जागी च्युई (ट्रे नीट बसवायला चावायची मऊ, लवचिक नळी) चावायची.

बटण पडलं की आपण खाण्याला दोष देतो, पण बऱ्याचदा चूक ट्रे काढण्यात असते. समोरून ओढायचा नाही. जिभेच्या बाजूने, शेवटच्या दाढेपाशी नख घालून सोडवायचा, मग दुसरीकडची दाढ, पुढचे दात सगळ्यात शेवटी. चिकटवताना दात ओला राहिला तरी बटण टिकत नाही. पहिल्या आठवड्यात पडलं तर फुकट लावून मागाच.

आता आमच्या इंदूरच्या खाण्याचं. बावीस तास ट्रे तोंडात, म्हणजे खायला उरले दोन. सकाळचे पोहे-जलेबी, चारची कचोरी आणि रात्री सराफा बाजारातलं खाणं, हे सगळं त्यात बसत नाही. एक सोडावंच लागतं. पोह्यांची हळद दातांवर राहिली आणि वर ट्रे चढवला की दुपारपर्यंत बटणांभोवती पिवळी कड धरते. ब्रश नसेल तर निदान तीन-चार खळखळून चुळा भरा. ट्रे घालून चहा नकोच, गरमीने प्लास्टिकचा आकार बिघडतो. आणि सराफ्यात गराडू (तळलेला कंद) खाताना ट्रे डबीतच ठेवा. कागदी रुमालात गुंडाळलेला ट्रे द्रोणांबरोबर कचऱ्यात जातो.

पैसे भरण्याआधी चार गोष्टी लिहून घ्या: पडलेलं बटण, हरवलेला ट्रे, शेवटी लागले तर जादा ट्रे, आणि रिटेनर (उपचार संपल्यावर दात जागेवर धरायला घालायचा). बटणं चिकटवायचा साचा क्लिनिकने जपून ठेवला आहे का, तेही विचारा. आणि मागचे दोन ट्रे धुऊन, नंबर टाकून घरी ठेवा. नवा हरवला किंवा बसेना, तर दात जागेवर धरायला तेच कामाला येतात.