चौदा महिने, दोन स्प्रिंगा आणि एक छाटणीची कात्री

चतुर्थीच्या आदल्या दिवशी सकाळी माटोळीसाठी, म्हणजे गणपतीच्या वर बांधायच्या रानफळा-पानांच्या मांडणीसाठी, शेरवडाच्या डहाळ्या आणि कांगलांचे घोस कापत असताना माझ्या छाटणीच्या कात्रीची स्प्रिंग टणकन उडाली आणि पोफळींच्या ओल्या पाचोळ्यात नाहीशी झाली. जुन्या रेडिओच्या स्पीकरमधले लोहचुंबक दोरीला बांधून मी अर्धा तास तो पाचोळा विंचरला. हाती दोन गंजके खिळे आणि एका बिजागरीचा तुकडा एवढेच लागले. उरलेले काम प्रत्येक कापानंतर डाव्या हाताने मुठी उघडत कसेबसे पुरे केले आणि रात्री घरातले सगळे माटोळी बांधण्यात गुंतलेले असताना मी हा अभिप्राय लिहायला बसलो. चौदा महिन्यांत गमावलेली ही दुसरी स्प्रिंग आहे.

कात्री गेल्या वर्षी जूनमध्ये गोव्यातल्या फोंड्याच्या बाजारातून ११५० रुपयांना घेतली. दोन पाती एकमेकींना घासून जाणारी, साडेआठ इंची, २० मिलिमीटर जाडीपर्यंतच्या फांदीसाठीची ही नेहमीची जात आहे. तिचे बाकीचे वर्णन खोक्यावर सापडेल. आमच्या घरामागे पोफळी-माडांचे लहानसे कुळागर, परसात जाई, जास्वंदी, दोन लिंबे, एक चाफा आणि वरच्या डोंगरकडेला काजूची बारा झाडे आहेत. म्हणजे ओले लाकूड, वाळके लाकूड, चीक आणि पाऊस या चारही गोष्टी हिने पाहिल्या आहेत.

पात्याबद्दल माझी काहीही तक्रार नाही. एसके-५ जातीचे, म्हणजे सुमारे ०.८ ते ०.९ टक्के कार्बन असलेले पोलाद आहे. त्याला धार पटकन लागते आणि जाईच्या कोवळ्या शेंड्यापासून लिंबाच्या अंगठ्याएवढ्या फांदीपर्यंत काप स्वच्छ येतो. येथे एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही, कारण अनेक जण कात्री उलटी धरतात आणि फांदी चिरडते म्हणून कंपनीला बोल लावतात. या कात्रीत धार एकाच पात्याला असते. दुसरा आकड्यासारखा भाग फांदीला नुसता धरून ठेवतो आणि तिची साल दाबतो. म्हणून धारेचे पाते झाडावर राहणाऱ्या बाजूला आणि आकडा टाकून देण्याच्या तुकड्याकडे असला पाहिजे. धार लावतानाही पात्याची उतरती बाजूच घासावी; आकड्याला चाटून जाणारी सपाट बाजू कानशीने खरवडली तर दोन पात्यांमध्ये फट पडते, आणि मग कात्री फांदी कापण्याऐवजी चघळू लागते.

आता स्प्रिंग. कापण्याचे काम हात करतो, उघडण्याचे काम स्प्रिंग करते, आणि तासाभराच्या छाटणीत कात्री शेकडो वेळा उघडावी लागते. या कात्रीत गोल तारेची साधी वेटोळ्यांची स्प्रिंग दोन मुठींच्या आतल्या बाजूस असलेल्या दोन बोंडांवर नुसती अडकवलेली आहे. व्हर्नियरने मोजले तेव्हा ही बोंडे जेमतेम ४ मिलिमीटर उंच भरली. स्प्रिंगची मोकळी लांबी ४२ मिलिमीटर, आणि कात्री पूर्ण उघडल्यावर दोन बोंडांच्या बुडांमधले अंतर ४१ मिलिमीटर. म्हणजे उघड्या कात्रीत स्प्रिंग केवळ एका मिलिमीटरने दाबलेली राहते. ज्याने या कात्रीची रचना आखली त्याने पूर्ण उघड्या स्थितीतही स्प्रिंग चांगली दाबलेली राहील एवढी लांब ठेवायला हवी होती, नाहीतर बोंडे उंच करायला हवी होती. दोन्ही केले असते तरी खर्च काही रुपयांपलीकडे गेला नसता. चपट्या पट्टीची, शंकूच्या आकाराची, एकात एक सरकणारी स्प्रिंग महागड्या कात्र्यांत असते, आणि काही कात्र्यांत ती बोल्टभोवतीच गुंडाळलेली असते. ती उडून जाण्याचा प्रश्नच येत नाही. शिवाय साध्या स्प्रिंगच्या वेटोळ्यांत चाफ्याचा चीक आणि भुसा मिळून जो काळा लगदा साचतो, तो काढायला मला दर वेळी दातांचा जुना ब्रश लागतो.

पहिली स्प्रिंग ऑक्टोबरमध्ये काजूची वाळकी लाकडे काढताना डोंगरकडेवरून खाली गेली. दुकानदाराने कात्री हातात घेऊन पाहिली आणि शांतपणे सांगितले, ‘‘स्प्रिंग सुटी मेळना, बाब. नवीच घेयात.’’ चार महिन्यांच्या कात्रीसाठी हे उत्तर ऐकून मी कंपनीच्या ग्राहकसेवेला फोन केला. वर्षाची हमी आहे, असे मी सांगितले. हमी आहे, परंतु स्प्रिंग हा झिजणारा भाग असल्यामुळे तो हमीत येत नाही, असे पलीकडून सांगण्यात आले. माझी स्प्रिंग झिजलेली नसून हरवलेली आहे, हे मी तीन वेळा तीन वेगवेगळ्या व्यक्तींना समजावले. तिसऱ्या व्यक्तीने बिघाडाचे छायाचित्र मागितले. नसलेल्या वस्तूचे छायाचित्र कसे काढावे, हे विचारल्यावर फोन बंद झाला. अखेर स्प्रिंगचे ९० आणि कुरियरचे ११० असे २०० रुपये भरा, असा निरोप आला. कात्रीच्या किमतीच्या सतरा टक्क्यांहून अधिक रक्कम बोटाएवढ्या तारेसाठी देण्याची माझी तयारी नव्हती, म्हणून स्कूटरच्या गॅरेजातून एक स्प्रिंग आणून बसवली. ती इतकी ताठ निघाली की दहा मिनिटांत अंगठ्याचे बूड दुखू लागले. जानेवारीत मी निमूटपणे पैसे भरले आणि फेब्रुवारीत स्प्रिंग आली. आज सकाळी उडाली ती हीच.

स्वित्झर्लंडची फेल्को ही कंपनी १९४५ साली फेलिक्स फ्लिश यांनी सुरू केली, आणि कात्रीचा प्रत्येक भाग सुटा मिळतो ही तिची जुनी ख्याती आहे. त्या कात्रीची किंमत माझ्या कात्रीच्या कित्येक पट आहे हे मला ठाऊक आहे. पण सुटा भाग मिळणे हा महागड्या पोलादाचा गुण नव्हे. ती विकणाऱ्याची इच्छा आहे. म्हणून ही कात्री घेऊ नये, असा माझा स्पष्ट सल्ला आहे.

येथपर्यंतचा मजकूर चतुर्थीच्या आदल्या रात्रीचा आहे. पुढचे तीन आठवड्यांनंतर लिहीत आहे, आणि वरचे शेवटचे वाक्य न खोडता त्यात बदल करावा लागत आहे.

गणपती पोचवल्यानंतर नारळ काढायला पाडेली आला होता. माड उतरून पाणी पिताना त्याने सोप्यावर पडलेली कात्री उचलली, एक मूठ धरून ती कानाजवळ हलवली आणि म्हणाला, ‘‘हिचो खिळो सदळ जाला, बाब.’’ त्याच्या कोयतीला ना स्प्रिंग ना बोल्ट, त्यामुळे खिळा सैल झाल्याचे त्याचे बोलणे मी फारसे मनावर घेतले नाही. तो गेल्यावर मात्र मी दोन्ही मुठी दोन हातांत धरून वरखाली, म्हणजे कापण्याच्या दिशेला आडव्या, हलवून पाहिल्या. पात्यांमध्ये खरोखर खेळ होता. मुठी अशा पिळल्या की समोरासमोर असायला हवी ती दोन बोंडे एकमेकांना चुकवत होती, आणि एका मिलिमीटरच्या दाबावर उभ्या असलेल्या स्प्रिंगला बाहेर पडायला तेवढे पुरेसे होते.

बोल्ट सैल होण्याची कारणे शोधू लागलो तेव्हा दोन्ही माझ्याच दारात येऊन थांबली. पहिले कारण नटाचे. बोल्टावर आतून नायलॉनचे कडे असलेला नट आहे. हे कडे आट्यांना घट्ट धरते आणि कंपनाने नट फिरू देत नाही. पण नट जितक्या वेळा काढाल-घालाल तितकी त्याची पकड कमी होते. मी पावसाळ्यात दर पंधरवड्याला कात्री पूर्ण सोडवून पुसत होतो आणि स्वतःच्या टापटिपीवर खूश होतो. दुसरे कारण मनगटाचे. काजूची वाळकी फांदी एका दाबात तुटली नाही की मी कात्री डावी-उजवीकडे पिळत असे. ओल्या लाकडासाठी असलेल्या या रचनेत पाते आणि आकडा एकमेकांना लागून सरकतात, आणि पिळले की दोघांना दूर ढकलणारा सगळा जोर त्या एकट्या बोल्टावर येतो. वाळक्या लाकडासाठी पाते मऊ धातूच्या सपाट पट्टीवर पाटावरच्या सुरीसारखे उतरते ती कात्री बरी, आणि त्याहून जाड फांदीसाठी आरी. फांदी पात्याच्या टोकात न धरता बोल्टाजवळ खोल सारली तर निम्म्या जोरात काम होते, हेही मला माहीत होते. आळसामुळे मी ते करत नव्हतो.

हार्डवेअरच्या दुकानात तसाच नवा नट ६ रुपयांना मिळाला. मी दोन घेतले. बसवताना स्प्रिंग काढून ठेवली आणि मुठींतला आडवा खेळ जाईपर्यंत नट आवळला. मग एक मूठ आडवी धरून दुसरी वर उचलून सोडली: ती खटकन खाली पडली तर नट सैल, जागच्या जागी अडकली तर फार घट्ट, आणि सावकाश उतरून मध्येच थांबली तर बरोबर. शेवटी ओलसर वर्तमानपत्राची पट्टी बुडापासून टोकापर्यंत कापून पाहिली. टोकाशी कागद दुमडला नाही, कापला गेला. गेल्या पावसाळ्यापासून तो दुमडत होता आणि मी धारेला दोष देऊन उगाच पाते घासत होतो.

तेव्हा सहा रुपयांच्या भागाचा राग मी नव्वद रुपयांच्या भागावर काढत होतो, हे मान्य करतो. बोंडे आखूड आहेत, हे माझे म्हणणे मात्र कायम आहे. नट थोडा ढिला झाला म्हणून स्प्रिंगने घर सोडावे, ही काही चांगली रचना नव्हे.

गंजाविषयी थोडे. गोव्यात वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि तो बहुतेक सगळा चार महिन्यांत पडतो. अशा हवेत कार्बन पोलाद रात्रभर ओले राहिले तर सकाळी पात्यावर तांबूस ठिपके दिसतात. गंजरोधक पोलादात किमान साडेदहा टक्के क्रोमियम असते, म्हणून ते टिकते. पण या किमतीच्या कात्र्यांत त्याची धार लवकर बसते, आणि मला धार अधिक प्रिय आहे. पात्यावरचा काळा लेप पहिल्या पावसाळ्यातच धारेजवळून निघाला. चीक रॉकेलच्या फडक्याने पुसून वर खोबरेल तेलाचा हात फिरवणे हा आमच्या घरचा उपाय, कारण ते विकत आणावे लागत नाही. मात्र डिसेंबरात पहाटे जाईची छाटणी करायला गेलो तेव्हा कात्री उघडेना, आणि पुन्हा स्प्रिंगलाच शिव्या घालणार तोच लक्षात आले की खोबरेल २४ अंशांच्या खाली गोठते आणि बोल्टाभोवती त्याचे लोणी झाले आहे. तेव्हापासून पात्याला खोबरेल आणि बोल्टाला शिलाई यंत्राचे तेल. नट न काढता.

मुठीचे लाल आवरण घट्ट आहे, घामाने सरकत नाही. बंद ठेवण्याचा खटका उजव्या अंगठ्यासाठी आहे. माझी पत्नी डावखुरी असल्यामुळे तिला तो नीट सरकवता येत नाही, आणि डाव्या हातात धरली की काप कुठे बसतो तेही पात्याआड जाते. फेल्कोसारख्या कंपन्या डावखुऱ्यांसाठी उलट रचनेची वेगळी कात्री काढतात. या कंपनीच्या यादीत तशी मला आढळली नाही.

सध्याची तिसरी स्प्रिंग मी घरातल्याच एका जुन्या, १८० रुपयांच्या कात्रीतून काढून बसवली आहे. ती थोडी आखूड होती, म्हणून दोन्ही बोंडांच्या बुडाशी एकेक वॉशर घातला आणि आता उघड्या कात्रीत तिच्यावर तीन मिलिमीटरचा दाब राहतो. शिवाय मासे धरायच्या गरीला लावतात तो तंगूस, म्हणजे नायलॉनचा दोरा, स्प्रिंगच्या पोटातून ओवून दोन्ही टोके मुठींना बांधली आहेत. गाठ बोंडाच्या मागे यायला हवी. बाजूला आली तर तंगूस वेटोळ्यांत अडकतो. मुद्दाम एकदा स्प्रिंग बोटाने काढून पाहिली: ती लोंबकळली, पडली नाही.

यात एक अडचण उरली. ती १८० रुपयांची कात्री सपाट पट्टीवर पाते उतरणारी आहे, म्हणजे दोन्ही हातांनी सारखीच चालणारी, आणि म्हणूनच पत्नी देवाच्या फुलांसाठी रोज तीच वापरत होती. आठ दिवस तिने काही म्हटले नाही. नवव्या दिवशी सकाळी जास्वंदी न तोडता ती परत आली आणि दोन्ही कात्र्या माझ्या चहाच्या कपाजवळ ठेवून आत गेली. ग्राहकसेवेचा क्रमांक माझ्याकडे होताच. काल कंपनीला पुन्हा २०० रुपये पाठवले आहेत.