वायरलेस माऊस : काही महिन्यांच्या वापरानंतर, मुख्यतः न जोडला जाण्याच्या तक्रारीविषयी

पुस्तकांची अक्षरजुळणी आणि पानांची मांडणी हे माझे रोजचे काम असल्यामुळे माऊस दिवसभर हातात असतो. सध्या वापरात असलेला माऊस मध्यम किमतीचा आहे. तो यूएसबी डोंगलवरही (संगणकाच्या पोर्टमध्ये लावायचा, माऊसचे संदेश घेणारा छोटा तुकडा) चालतो आणि ब्लूटूथवरही. पकड उत्तम आहे, क्लिकचा आवाज कमी आहे आणि एका पेन्सिल सेलवर तो काही महिने चालतो. या बाबतींत मला काहीच तक्रार नाही. लिहायचे आहे ते त्याच्या एकाच त्रासाबद्दल : तो अधूनमधून संगणकाशी जोडलाच जात नसे, आणि जोडला गेला तरी कर्सर अडखळत असे. एखाद्या मात्रेची जागा केसभर सरकवताना कर्सर मध्येच थबकून पुढच्या ओळीवर उडी मारू लागला, की काम करणे अशक्य होते.

कंपनीच्या माहितीपत्रकात यावर सेल बदला, डोंगल काढून पुन्हा लावा आणि संगणक पुन्हा सुरू करा, एवढेच उपाय दिले आहेत. ते चुकीचे नाहीत, पण अपुरे आहेत. सेलच्या बाबतीत दोन गोष्टी पाहाव्यात. साध्या अल्कलाइन सेलचा दाब 1.5 व्होल्ट असतो, तर रिचार्ज होणाऱ्या निकेल सेलचा 1.2 व्होल्ट, त्यामुळे काही माऊस रिचार्ज होणारा सेल पूर्ण भरलेला असतानाही तो संपत आल्याचे दाखवतात. शिवाय पावसाळ्यात सेलच्या खोबणीतील स्प्रिंगवर थर जमतो, तो कोरड्या कापडाने पुसून काढावा. विंडोजमध्ये 'शट डाउन' करून संगणक पुन्हा चालू करण्यापेक्षा 'रीस्टार्ट' करणे अधिक उपयोगी, कारण 'फास्ट स्टार्टअप' चालू असल्यास शट डाउन करताना प्रणालीचा काही भाग जसाच्या तसा डिस्कवर साठवला जातो आणि ड्रायव्हर, म्हणजे उपकरणे चालवणारी सॉफ्टवेअर, नव्याने सुरू होत नाहीत.

माझ्या माऊसचे खरे दुखणे मात्र या कशातच नव्हते. कामाच्या फाइलींची प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर घेत असतानाच कर्सर अडखळतो, हे काही दिवस लक्ष ठेवल्यावर ध्यानात आले. डोंगल आणि हार्ड डिस्क लॅपटॉपच्या एकाच बाजूला शेजारी शेजारी लावलेले होते. यूएसबी 3.0 वरून 5 गिगाबिट प्रतिसेकंद वेगाने माहिती वाहत असताना त्या जोडणीतून, उपकरणातून आणि केबलमधून जो रेडिओ गोंगाट बाहेर पडतो, तो नेमका 2.4 गिगाहर्ट्झच्या रेडिओ लहरींच्या पट्ट्यातही पसरतो, आणि माऊसचा डोंगल त्याच पट्ट्यात ऐकत असतो. इंटेल कंपनीने 2012 मध्येच या अडचणीवर सविस्तर तांत्रिक टिपण प्रसिद्ध केले होते. माऊसचा संदेश मुळातच क्षीण असतो. लग्नाच्या बँडशेजारी उभे राहून कुणाचे बोलणे ऐकावे, तशी डोंगलची अवस्था होते.

उपाय स्वस्त आहे. डोंगल दुसऱ्या बाजूच्या, शक्यतो यूएसबी 2.0 च्या पोर्टमध्ये लावावा, 3.0 चे पोर्ट बहुधा आतून निळे असते किंवा त्याच्याजवळ 'एसएस' अशी खूण असते. तशी सोय नसेल, तर एक छोटी यूएसबी एक्स्टेन्शन केबल घेऊन डोंगल टेबलावर माऊसजवळ आणावा. मी हेच केले आणि तेव्हापासून हार्ड डिस्क चालू असतानाही कर्सर अडखळलेला नाही. घरातील राउटर 2.4 गिगाहर्ट्झवर चालत असेल, तर लॅपटॉपचे वायफाय 5 गिगाहर्ट्झवर नेल्यानेही गर्दी कमी होते.

लॅपटॉप झोपेतून उठल्यावरच माऊस सापडत नसेल, तर कारण वेगळे असू शकते. विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये 'यूएसबी रूट हब'च्या पॉवर मॅनेजमेंटमध्ये वीज वाचवण्यासाठी उपकरण बंद करण्याची परवानगी दिलेली असते, ती खूण काढून पाहावी.

ब्लूटूथची गोष्ट निराळी आहे. तिथे माऊसचे नाव यादीत दिसते, पण जोडणी होत नाही, असे घडते. अशा वेळी पुन्हा पुन्हा 'कनेक्ट' दाबत बसू नये. यादीतील जुनी नोंद काढून टाकावी, माऊसखालचे बटण दिवा भरभर लुकलुकेपर्यंत दाबून धरावे आणि नव्याने जोडणी करावी. एकाहून अधिक संगणकांसाठी क्रमांकाचे बटण असलेल्या माऊसमध्ये आधी तो क्रमांक तपासावा, कारण पिशवीत ठेवताना ते बटण सहज दाबले जाते.

विकत घेताना डोंगलविषयी अवश्य विचारावे. माझ्या माऊसचा डोंगल हरवला, तर तसा दुसरा सुटा मिळत नाही, आणि ही गोष्ट खोक्यावर कुठेही लिहिलेली नाही. माझ्या मते ती ठळकपणे लिहायला हवी होती. लॉजिटेकच्या युनिफाइंग डोंगलला सहापर्यंत उपकरणे जोडता येतात आणि तो सुटाही विकला जातो, परंतु त्यावर चालणारी उपकरणे त्याच कंपनीच्या नंतरच्या बोल्ट डोंगलला जोडता येत नाहीत. म्हणून सुटा डोंगल घेण्यापूर्वी माऊसखालची खूण पाहून घ्यावी.