पायातून काढलेले 62 थेंब

माझ्या उजव्या पायातून दोन माणसांनी पितळी नळीने ‘पू’ ओढून काढला आणि थेंबाला 2,500 रुपये घेतले. असे 62 थेंब झाले. त्याचे 1 लाख 55 हजार आणि वर भस्माच्या पुड्यांचे 21 हजार. हे सगळं माझ्या घरात, माझ्या डोळ्यांदेखत झालं. खुब्याच्या ऑपरेशननंतर ज्यांचा पाय जळतो, पाऊल उचलत नाही, ज्यांना रात्र रात्र झोप नाही, त्यांनी हे शेवटपर्यंत वाचावं. हे लोक नेमके आपल्यासारख्यांनाच शोधत फिरतात.

मी नाशिकरोडला राहते, घरीच ब्लाउज-ड्रेस शिवते. 2021 च्या एप्रिलमध्ये मला कोविड झाला, ऑक्सिजनवर होते, स्टिरॉइड द्यावं लागलं. त्यातून वाचले, पण वर्षभराने उजवी जांघ दुखायला लागली. एमआरआयमध्ये एव्हीएन निघालं, म्हणजे खुब्याच्या गोळ्याचा रक्तपुरवठा बंद पडून हाड मरत चाललं होतं. सप्टेंबर 2023 मध्ये सांधा बदलला. शुद्धीवर आले तेव्हा नर्सने पाय हलवायला सांगितला. डावा हलला. उजव्याचं पाऊल लोंबत राहिलं.

खुब्याच्या सांध्याच्या अगदी मागून सायटिक नस जाते. शरीरातली सगळ्यात जाड नस, बोटाएवढी. ऑपरेशनमध्ये ती ताणली जाऊ शकते, हत्याराचा दाब येऊ शकतो. पाऊल वर उचलणारा तिचा भाग जास्त नाजूक, त्यामुळे बहुतेक वेळा तोच दुखावतो. पहिल्यांदाच सांधा बदलणाऱ्या शंभरातल्या एखाद-दुसऱ्याला हे होतं. मी सही केलेल्या कागदावर ते छापलेलंही होतं, पण ऑपरेशनच्या आदल्या रात्री तो कागद कोण वाचतं?

ज्यांनी हे भोगलं नाही त्यांना ते कळणं अवघड आहे. पाऊल बधिर आणि तरीही जळतंय. पायावर पातळ चादर पडली तरी चटका बसल्यासारखं व्हायचं. रात्री अंगठ्यापासून पोटरीपर्यंत करंट मारायचा. घरातले विचारायचे, ‘नेमकं कुठे दुखतंय?’ आणि मला बोट ठेवून दाखवता यायचं नाही. सांधा उत्तम बसला होता, एक्स-रे सुंदर होता. डॉक्टर एक्स-रे बघून खूश व्हायचे आणि मी स्प्लिंट, म्हणजे पाऊल लोंबू नये म्हणून लावायची प्लास्टिकची पट्टी, घातलेला पाय घेऊन रिक्षात रडत घरी यायचे. ‘नस आहे, वेळ लागतो, दीड-दोन वर्षं धीर धरा,’ एवढंच उत्तर. नसेच्या दुखण्यावरच्या प्रीगाबालिनच्या गोळ्या, नस किती चालते ते बघणारी ईएमजी-एनसीव्हीची तपासणी, फिजिओथेरपी सगळं चालू होतं. उपचारांत काही चुकत होतं असं आजही म्हणणार नाही. पण पाच मिनिटांच्या ओपीडीत मला कुणी नीट समजावलं नाही की आपण कशाची वाट बघतोय. आणि नेमक्या त्याच ठिकाणी तो माणूस आत शिरला.

दिवाळी 2024 नंतरचा आठवडा. मी काठी टेकत भाजी घेत होते. पांढरा शर्ट, कपाळाला गंध, हातात भाजीची पिशवी असा चाळिशीचा एक माणूस शेजारी उभा राहिला. ‘मावशी, राग नका मानू, पायाला काय झालं? माझ्या आईचं अगदी असंच होतं.’ मी सांगत गेले आणि तो ऐकत गेला. जळतं का, रात्री वाढतं का, चप्पल पायातून निसटते का, सगळं त्याने आपणहून विचारलं. वर्षभरात इतक्या आपुलकीने मला कुणी विचारलं नव्हतं. मग म्हणाला, आई दोन वर्षं खाटेवर होती, एका वैद्यजींनी एका बैठकीत उभी केली, आता तीन जिने चढते. त्याने पैशाचा शब्द काढला नाही. एका चिठ्ठीवर नंबर लिहून दिला आणि निघून गेला.

भाजीची पिशवी घेतलेला हा माणूस त्या वैद्यजींच्या टोळीतलाच. तो कधीच काही विकत नाही, म्हणून त्याचा संशय येत नाही. मुंबई-पुण्याकडच्या पेपरांत अशा टोळ्यांच्या बातम्या येऊन गेल्या आहेत. कुठे बाजारात, कुठे पेट्रोल पंपावर, कुठे दवाखान्याच्या दारात लंगडणारा माणूस हेरायचा आणि ‘माझ्या आईचं असंच होतं’ म्हणायचं. मी त्या बातम्या नंतर वाचल्या.

त्या नंबरवर आम्ही फोन केला आणि दोघं घरी आले. एक वैद्यजी, एक मदतनीस. हिंदी मिसळलेलं मराठी, स्वच्छ कपडे, देव्हाऱ्यापुढे हात जोडले. वैद्यजींनी माझी नडगी दाबली, डोळे मिटले आणि म्हणाले, ‘ऑपरेशनचं विष आत राहिलंय. त्याचा पू झाला आणि तो नसेवर बसलाय.’ दर आधीच ठरला, थेंबाला अडीच हजार. किती थेंब निघतील, तर ‘चार-पाच, फार तर सहा.’ आम्ही दोघा नवरा-बायकोंनी मनात 15 हजारांचा हिशेब केला.

मग ब्लेडने नडगीवर बारीक चिरा दिल्या. मला त्या भागात जाणीवच नव्हती, त्यामुळे दुखलंही नाही. चिरेवर वीतभर लांब पितळी नळी ठेवून तो तोंडाने ओढायचा आणि पाणी भरलेल्या स्टीलच्या वाटीत थुंकायचा. पिवळट, चिकट गोळी पाण्यात तळाशी जायची. मदतनीस वहीच्या कागदावर एकेक रेघ ओढायचा. सहा झाल्या, दहा झाल्या. आमचे हे म्हणाले, ‘बस करा.’ तर वैद्यजींचा आवाज बदलला. ‘तोंड उघडलेला पू अर्धवट सोडला तर वर चढतो. मणक्यात गेला तर दुसरा पायपण जाईल. मग मला बोलवू नका.’ काय बोलणार? त्या दिवशी 38 रेघा झाल्या, म्हणजे 95 हजार. घरात 40 होते. बाकीचे काढायला मदतनीस यांच्याबरोबर बँकेत गेला, त्यांच्याच गाडीतून, म्हणजे यांना वाटेत कुणाशी बोलायलाही मिळालं नाही. ते पैसे मुलीच्या फीसाठी ठेवलेले होते. मोबाइलवरून पैसे घेतले तर औषधाचा गुण जातो म्हणाले, रोखच हवेत.

जाताना भस्माच्या पुड्या दिल्या, 21 हजारांच्या, आणि दोन अटी घातल्या. डॉक्टरी गोळ्या आजपासून बंद आणि पायातली प्लास्टिकची पट्टी काढून टाकायची, कारण तिने रक्त अडतं.

पैशाचं दुःख आहेच, पण या दोन अटींनी माझं जास्त नुकसान केलं. प्रीगाबालिन अशी एका दिवसात सोडायची गोळी नाही, डॉक्टर ती हळूहळू उतरवतात. मी एकदम सोडली. चार रात्री डोळ्याला डोळा नाही, घामाने गाऊन भिजायचा, छातीत धडधड आणि पायाची आग दुप्पट. फोन केला तर वैद्यजी म्हणाले, ‘चांगलं लक्षण आहे, विष बाहेर पडतंय.’ स्प्लिंट काढल्यामुळे स्वयंपाकघराच्या उंबऱ्याला पाऊल अडकलं आणि मी कपाटावर आदळले. खुब्याचा कृत्रिम सांधा पडल्यावर निखळू शकतो, त्याच्या आजूबाजूचं हाड मोडू शकतं. नशिबाने दंडावर निभावलं.

एवढं होऊनही मी त्यांना परत का बोलावलं, हे नीट सांगायला हवं.

नोव्हेंबरच्या शेवटी एका सकाळी चहा पिताना मी नेहमीसारखं पाऊल उचलायचा प्रयत्न केला आणि नडगीच्या बाहेरच्या बाजूला कातडीखाली काहीतरी सरकलं. पाऊल उचललं नाही, पण स्नायू हलला. चौदा महिन्यांत पहिल्यांदा. मुलीला हात लावून बघायला सांगितलं, तिलाही लागलं. आम्ही दोघी रडलो. वैद्यजींनीच केलं, याबद्दल त्या दिवशी माझ्या मनात तिळमात्र शंका नव्हती. मुलगी म्हणाली, ‘आई, फिजिओताईंना विचारू आधी,’ तर मी तिच्यावर ओरडले. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात ते पुन्हा आले, अजून 24 थेंब, 60 हजार. त्यासाठी माझी पाटली गहाण पडली.

मुलीने त्या दिवशी एक काम केलं. वाटी मोरीत ओतायला नेली आणि दोन गोळ्या डबीत काढून ठेवल्या. रात्री मला त्या बोटांत चुरडून दाखवल्या. राळेसारखा चिकटपणा आणि हळदीचा वास. दुसऱ्या दिवशी बोटाचा पिवळा डाग साबणाने लाल झाला, तसाच जसा हळदीचा होतो. तो माल आधीपासून त्यांच्या तोंडात किंवा नळीत असणार.

त्याच आठवड्यात नडगीवरची एक चीर लाल झाली, सुजली. बधिर पाय, मला कळलंच नाही, पायमोजा ओला लागला तेव्हा दिसली. ऑपरेशन केलेल्या डॉक्टरांकडे गेले, सगळं सांगितलं. ते रागावले नाहीत, पण घाबरलेले दिसले. शरीरात कुठेही जंतू शिरले तर ते रक्तातून जाऊन कृत्रिम सांध्यावर बसू शकतात, आणि एकदा तिथे बसले की नुसत्या गोळ्यांनी सहसा निघत नाहीत, सांधा पुन्हा उघडावा लागतो. रक्ताच्या तपासण्या झाल्या, दहा दिवस अँटिबायोटिक, आणि सीआरपीचा, म्हणजे रक्तात जंतूंची सूज दाखवणारा, आकडा उतरेपर्यंत आमच्या घरात कुणी नीट जेवलं नाही. सांध्याभोवती खरोखर पू झाला तर ताप येऊ शकतो, जखम वाहू शकते, खुबा ठणकतो, आणि तो ऑपरेशन थिएटरातच काढावा लागतो. नडगीवर चीर देऊन तोंडाने ओढून खुब्यातलं काही येत नाही, हे तेव्हा डॉक्टरांनी चित्र काढून समजावलं. दुखावलेल्या नसेवर पू बसलेलाच नसतो. नसेचे आतले धागे तुटलेले असतात, ते वरून खाली नव्याने वाढत यावे लागतात.

आणि किती वेगाने, हे मला फिजिओताईंनी सांगितलं. साधारण दिवसाला एक मिलिमीटर. महिन्याला सव्वा इंचाच्या आसपास. मी घरी आले, मशीनवरची टेप घेतली आणि मुलीला धरायला सांगून खुब्याच्या मागून नडगीच्या त्या हललेल्या जागेपर्यंत मोजलं. 17 इंच. भागाकार केला तर चौदा महिने. माझी नस सप्टेंबर 2023 पासून रोज मिलिमीटर मिलिमीटर खाली येत होती आणि नोव्हेंबर 2024 मध्ये तिथे पोचली. सगळ्यांचं असंच मापात होतं असं नाही, काहींची नस अर्ध्यातच थांबते, काहींची आधी जागी होते. पण माझ्या पायात जे हललं ते माझ्याच शरीराने केलं होतं, आणि त्याचे 60 हजार मी दुसऱ्याला दिले. तीस वर्षं मी लोकांची मापं घेतली आहेत. ही टेप आधी वर्षभर माझ्या गळ्यात होती.

म्हणून डॉक्टरांना माझं हात जोडून सांगणं आहे, ‘धीर धरा’ म्हणताना किती आणि का तेही सांगा. आणि रुग्णांनो, दर घेऊन थेंब मोजणारा, फक्त रोख मागणारा, चालू गोळ्या बंद करायला लावणारा आणि अर्धवट सोडलं तर वाईट होईल अशी भीती घालणारा माणूस वैद्य नसतो. माझं आयुर्वेदाशी भांडण नाही. शिकलेल्या वैद्यांची नोंद महाराष्ट्र कौन्सिल ऑफ इंडियन मेडिसिनकडे असते, नोंदणी क्रमांक मागा. खरा वैद्य तो लगेच दाखवतो. नोंदणीशिवाय असे उपचार करणं महाराष्ट्रात 1961 च्या कायद्याने गुन्हा आहे, आणि फसवणुकीला भारतीय न्याय संहितेचं कलम 318 आहे.

आम्ही पोलिसांत गेलो, लाज वाटत होती तरी गेलो. बाजारातल्या त्या माणसाने दिलेली चिठ्ठी, रेघांचा कागद आणि गोळ्यांची डबी जमा केली. नंबर तेव्हाच बंद झाला होता. गाडीचा नंबर आम्ही घेतला नव्हता, ही मोठी चूक. पैसे परत आलेले नाहीत, पाटली अजून सोडवायची आहे.

पाय आता असा आहे: पाऊल दोन बोटं उचलतं, लांब जायचं तर स्प्लिंट लागतं, अंगठा बधिरच आहे. गोळ्या पुन्हा चालू केल्या, रात्रीची आग निम्म्यावर आली, गेलेली नाही. मशीनचं पायडल डाव्या पायाने मारायला शिकले.

नाशिकरोड, देवळाली, सिन्नर भागात पांढऱ्या शर्टातल्या कुणी तुम्हाला किंवा तुमच्या आईला बाजारात असं गाठलं असेल, तर दिवस, जागा आणि गाडी आठवून लिहून ठेवा आणि पोलीस ठाण्यात जा. एकट्याने जायला धीर होत नसेल तर मला कळवा. मी बरोबर येईन, काठी घेऊन.