पाचव्या भागाची पीडीएफ : साडेतीन तारे

चिंचवडच्या आमच्या सीएनजी पंपावर पहाटे रिक्षांची रांग लागते, ती फक्त गर्दी चुकवायला नाही. नोकरीला लागले तेव्हा एका रिक्षावाल्या काकांनी मला सांगितलं होतं, "मॅडम, सकाळचा गॅस जास्त बसतो. दुपारी काटा दोनशे दाखवतो खरा, पण टाकी गार झाली की काटा खाली येतो. पैसे देऊन टाकी अर्धवट." मी तेव्हा इंजिनिअरिंगची ताजी पदवी घेऊन आले होते आणि वायूचे नियम मला तोंडपाठ होते. पण या वाक्याचा अर्थ पोटात उतरायला चार वर्षं गेली.

आज परीक्षण लिहितेय ते एका पीडीएफचं. एसएई जे-२६०१/५, म्हणजे एसएई या वाहन-अभियंत्यांच्या अमेरिकी संस्थेच्या जे-२६०१ या नियमावलीचा पाचवा भाग, फेब्रुवारी २०२४. विषय : ट्रक-बससारख्या जड वाहनांत हायड्रोजन झपाट्याने कसा भरायचा. ऑफिसने घेऊन दिली नाही ("जुना भाग आहे ना आपल्याकडे?"), म्हणून माझ्या कार्डावर घेतली. काकांचंच म्हणणं यात आहे, फक्त दाब दोनशे बारऐवजी सातशे.

ही कशासाठी घ्यावीशी वाटली ते आधी सांगते. दोन वर्षांपूर्वी तीन महिने कॅलिफोर्नियात होते. बंदराजवळच्या एका हायड्रोजन पंपावर (नाव लिहीत नाही) आमचा ट्रक भरायला लागायचा. ट्रकवाले पाजी जालंधरकडचे. पहाटेचं धुकं, सगळं ओलंचिंब. पंपाने मुकाट भरायला घेतलं आणि पन्नासेक किलोला चौतीस मिनिटं लावली. आम्ही दोघं कॉफीचे कागदी कप घेऊन उभे. भरून झालं, पाजींनी नोझल ओढलं, तर ते हलेना. उणे चाळीसच्या आसपासचा वायू अर्धा तास त्यातून गेलेला, वर धुक्याची ओल. नोझल आणि ट्रकचं तोंड यांच्यामध्ये पांढऱ्या बर्फाचं कडं धरलेलं होतं, आपल्या जुन्या फ्रीजच्या फ्रीझरमध्ये धरतं तसं. ओढायचं नाही, उकळतं पाणी टाकायचं नाही, नुसतं थांबायचं. नऊ मिनिटं. पाजी म्हणाले, "भैणजी, डीझल भरके मैं अब तक कंटेनर उठा चुका होता." त्यांना पैसे फेरीवर मिळतात, किलोवर नाही.

त्या चौतीस मिनिटांत पंपाचा दोष थोडा, नियमांचा जास्त. मूळ जे-२६०१ हे मोटारींसाठी केलेलं. २०१० साली कच्चा अहवाल म्हणून आलं, २०१४ मध्ये पक्कं मानक झालं. टाकी २ ते १० किलोची धरलेली आणि वेगाची कमाल मर्यादा सेकंदाला ६० ग्रॅम. मोटारीला तेवढं भरपूर, तीन ते पाच मिनिटांत काम होतं. पण ६० ग्रॅम म्हणजे मिनिटाला ३.६ किलो. साठ किलोच्या ट्रकला अगदी सगळा वेळ कमाल वेग मिळाला तरी सतरा मिनिटं, आणि तसा तो कधीच मिळत नाही. बसवाल्यांसाठी २०१४ मध्येच २६०१/२ निघालं होतं. त्यात १२० ग्रॅमपर्यंत मुभा होती, पण दाब ३५० बारचा, आणि कसं भरायचं याची पाककृती नव्हती. फक्त मर्यादा दिलेल्या : या ओलांडू नका, बाकी तुम्ही बघा. पाचव्या भागात ही पाककृती पहिल्यांदा ट्रकच्या मापाने लिहिली आहे. ६० पासून थेट ३०० ग्रॅमपर्यंत. ३०० म्हणजे मिनिटाला १८ किलो. कागदावर तरी पाजींची कॉफी गरम असतानाच काम संपेल.

कागदावरच का, तर तसंही नाही. कोलोरॅडोतल्या गोल्डन इथल्या अमेरिकी सरकारी प्रयोगशाळेने २०२२ मध्ये ४०.३ किलो हायड्रोजन २.८७ मिनिटांत भरून दाखवला. मिनिटाला सरासरी १४ किलो. ट्रकसाठी धरलेलं उद्दिष्ट सरासरी १० चं होतं. म्हणजे यंत्र धावतं. अडतं ते वेगळ्याच ठिकाणी, आणि या पीडीएफचा खरा रस मला तिथेच वाटला.

वायू टाकीत कोंबला की तापतो. सायकलचा पंप मारताना बूड गरम होतं, तसंच. टाकीचं अस्तर प्लास्टिकचं, वर कार्बन धाग्याचं वेष्टण, आणि आतला वायू ८५ अंशांच्या वर जाऊ द्यायचा नाही हा दंडक. म्हणून पंप आधी चिलरमधून वायू उणे ३३ ते उणे ४० पर्यंत उतरवतो आणि दाब मोजूनमापून चढवतो. हवा जितकी तापलेली, तितका सावकाश. मग प्रश्न असा, की पंपाला तुमच्या टाकीबद्दल काय माहीत असतं? जवळजवळ काहीच नाही. ती उन्हात उभी होती का? घाट चढून नुकतीच रिकामी होत आली, म्हणून आतून गार आहे का? माहीत नसल्यामुळे तो दोन्ही वाईट गोष्टी एकदम धरून चालतो. वेग ठरवताना धरतो की टाकी तापलेली आहे, म्हणून हळू भरतो. कुठे थांबायचं ते ठरवताना धरतो की टाकी गार आहे, म्हणून लवकर थांबतो. सासू असावी तर अशी : सून उधळीही आणि चिक्कूही!

गाडी बोलत नाही असं नाही. नोझलजवळ इन्फ्रारेडचा छोटा दिवा असतो, जुन्या मोबाइलमध्ये असायचा तसला. गाडी त्यातून टाकीचा दाब, तापमान, आकारमान सांगत राहते. बोलणं एकतर्फी, पंप उत्तर देत नाही. आणि त्या दुव्याला सुरक्षेच्या दृष्टीने पुरेसं भरवशाचं मानत नाहीत, म्हणून थांबायचं कुठे यासाठी पंप गाडीचं ऐकतो, पण वेग वाढवायला सहसा ऐकत नाही. युरोपात २०२० ते २०२२ मध्ये पीआरएचवायडीई नावाचा प्रकल्प झाला, त्याचं म्हणणं हेच होतं की ट्रकने आपल्या टाकीची खरी माहिती द्यावी आणि पंपाने ती वापरावी. वाईटात वाईट धरून चालण्यात जी मिनिटं जातात ती तिथून परत मिळतात. आयएसओच्या १९८८५ मालिकेत संपर्काचा स्वतंत्र भाग आहे तो यासाठीच. माझ्या मते मोठं नोझल आणि जाड पाइप यांच्यापेक्षा हे काम महत्त्वाचं. ३०० ग्रॅमचा आकडा वर्तमानपत्रात छान दिसतो. पाजींचा वेळ वाचेल तो पंपाने ट्रकवर विश्वास ठेवला तर.

आता तक्रारी. पहिली म्हणजे ही पीडीएफ एकटी काही कामाची नाही. नोझलसाठी आयएसओ १७२६८ वेगळं घ्या, इन्फ्रारेड संदेशांसाठी जे-२७९९ वेगळं, पंपाच्या उभारणीसाठी आयएसओ १९८८०-१ वेगळं. मसाला घ्यायला गेलं की धणे एका दुकानात आणि मिरी दुसऱ्या दुकानात. १७२६८ मात्र घ्याच, त्यातली एक गोष्ट मला फार आवडते : तोंडांचे आकारच असे ठेवले आहेत की ३५० बारचं नोझल ७०० बारच्या गाडीला बसतं, पण ७०० चं नोझल ३५० च्या गाडीला बसतच नाही. पाटी लावायची गरज नाही, शिकवायची गरज नाही. चूक करू म्हटलं तरी हात करू देत नाही.

दुसरी तक्रार वाचणाऱ्यांबद्दल. फेब्रुवारी २०२४ ची ही आवृत्ती पक्कं मानक नाही, टीआयआर आहे, तांत्रिक माहितीचा अहवाल. असा अहवाल रस्त्यावरचा अनुभव जमला की सुधारून पक्का करतात, मूळ जे-२६०१ चं झालं तसंच. आमच्याकडच्या बैठकीत मात्र लोक "स्टँडर्डमध्ये लिहिलंय" म्हणून टेबलावर हात आपटतात. हा अनुभव कुठला जमणार, हेही विचारायला हवं. मार्च २०२५ मध्ये केंद्राने हायड्रोजनवरच्या ३७ ट्रक-बस आणि ९ भरणा केंद्रांचे पथदर्शी प्रकल्प मंजूर केले, त्यात पुणे-मुंबई रस्ता आहे. त्याच महिन्यात टाटांच्या १६ ट्रकच्या चाचण्या सुरू झाल्या, चोवीस महिन्यांपर्यंतच्या. जे-२६०१ मध्ये हवेचं तापमान ५० अंशांपर्यंत धरलेलं आहे, म्हणजे नागपूरचा मे महिनाही कागदात बसतो. पण कागदात बसणं वेगळं आणि चिलरने दुपारी तीन वाजता सलग पाचव्या ट्रकला उणे चाळीस देत राहणं वेगळं. ते आकडे आपल्याकडून गेले पाहिजेत. अशा पंपांना परवानगी देणाऱ्या पेसोचं (स्फोटकं आणि पेट्रोलियमच्या सुरक्षेची केंद्र सरकारची संस्था) मुख्यालयही नागपुरातच आहे, उन्हाळा त्यांना समजावून सांगायला नको.

तिसरी तक्रार दुकानाची. ज्या वेबसाइटवरून घेतली तिने एका संगणकापुरतंच कुलूप लावून दिलं. ऑफिसने लॅपटॉप बदलला, फाइल उघडेना. चार ईमेल, अकरा दिवस. शेवटी उघडली, पण छापायची परवानगी एकदाच. मी छापली नेमकी टोनर संपत आलेल्या प्रिंटरवर. तेवीस ते एकतीस पानांवरचे तक्ते फिकट राखाडी, भिंग घेऊन वाचते.

ज्यांचं काम पंप बनवण्याचं किंवा ट्रकच्या टाक्या बसवण्याचं आहे त्यांनी घ्यावी, पदरचे पैसे घालूनसुद्धा. ज्यांना नुसती कल्पना हवी आहे त्यांनी एक दिवस दुपारी सीएनजीच्या रांगेत उभं राहावं. आणि माझ्याकडे कॉपी मागू नका, प्रत्येक पानाच्या तळाला माझं नाव आणि ईमेल छापलेलं आहे.