जुनी बाइक मॅन्युअल्स स्कॅन करायला कॅनन लाइड ४०० : कुठे जमतो, कुठे अडतो

येझदीचं ओनर्स हँडबुक, राजदूतची पातळ सर्व्हिस पुस्तिका, आरएक्स १००चा पार्ट्स कॅटलॉग. पिना मारलेलं, ए४ किंवा त्याहून लहान, टेबलावर सपाट उलगडणारं असं काही स्कॅन करायचं असेल तर कॅननचा लाइड ४०० हा सपाट काचेचा स्कॅनर डोळे झाकून घ्यावा. पाठीला डिंक लावलेलं जाडजूड वर्कशॉप मॅन्युअल हातात असेल तर मात्र घेऊ नये.

कारण त्याच्या सेन्सरमध्ये आहे. लाइड मालिकेत सीआयएस सेन्सर असतो, म्हणजे काचेच्या अगदी खाली सरकणारी टिपणारी पट्टी. काचेला टेकलेला कागद तो सुरेख टिपतो, पण पान काचेपासून तीन-चार मिलिमीटर उचललं गेलं की तिथली अक्षरं धूसर होतात. जाड पुस्तकात नेमका शिवणीजवळचा भाग उचललेला राहतो, आणि टॉर्कच्या (बोल्ट किती जोराने आवळायचा त्याच्या) तक्त्यातला शेवटचा रकाना बऱ्याचदा तिथेच असतो. सोबतच्या सॉफ्टवेअरमध्ये शिवणीची सावली कमी करायचा पर्याय आहे. त्याने काळपटपणा जातो, हरवलेला फोकस परत येत नाही. पुस्तक जोरात दाबलं तर पाठ मोडते. अशा मॅन्युअलसाठी सीसीडी सेन्सरचा (भिंगातून टिपणारा, किंचित उचललेलं पानही स्पष्ट घेणारा) स्कॅनर बघावा, उदाहरणार्थ एप्सनचा व्ही ६००, किंवा जवळजवळ कडेपर्यंत काच असलेला प्लस्टेकचा ऑप्टिकबुक. दुर्मिळ मूळ प्रतीची पाठ कापून सुटी पानं करू नयेत. स्पायरल घातलेली झेरॉक्स असेल तर स्पायरल फिरवून काढावी, काम सोपं होतं.

बाकी यंत्र गुणी आहे. वेगळा अ‍ॅडॅप्टर लागत नाही, एकाच यूएसबी केबलवर चालतं. ३०० डीपीआयला (एका इंचात ३०० ठिपके) ए४ रंगीत पान कंपनीच्या आकड्यानुसार साधारण ८ सेकंदांत होतं. खोक्यावर ४८०० डीपीआय लिहिलंय, त्याकडे लक्ष देऊ नये. मजकुराच्या पानाला ३०० पुरे. एक्स्प्लोडेड ड्रॉइंग (सुटे भाग वेगवेगळे करून दाखवणारं चित्र), वायरिंग डायग्राम आणि बारीक टायपातले तक्ते ६००वर घ्यावेत. ए४ रंगीत पान ३००ला सुमारे २६ एमबी होतं, ६००ला चौपट म्हणजे १०४ एमबी, हे कॉम्प्रेशन न करता. शंभर पानं सरसकट ६००वर घेतली की दहा जीबी गेले. एवढंच काम असेल तर धाकटा लाइड ३०० सुद्धा चालतो. त्याची २४०० डीपीआयची मर्यादाही इथे कधी गाठावी लागत नाही, फक्त वेग किंचित कमी.

सेटिंगमध्ये सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे कृष्णधवल मोड वापरायचा नाही. ग्रे किंवा रंगीत घ्या, टिफ किंवा पीएनजीमध्ये ठेवा. कृष्णधवलमध्ये प्रत्येक ठिपका एकतर काळा नाहीतर पांढरा होतो आणि फिकट छपाईतला दशांशचिन्हाचा ठिपका सरळ उडतो. २.२ किलोग्रॅम-मीटरचं २२ झालं तर जाणकार थांबेल, नवखा बोल्टचे आटे घालवेल. त्याहून वाईट चूक डोळ्यांना दिसतच नाही. २०१३मध्ये डेव्हिड क्रिझेल यांनी दाखवून दिलं की झेरॉक्स कंपनीची काही यंत्रं स्कॅन करताना आकडेच बदलत होती, ६चा ८ होत होता. एकसारखी दिसणारी अक्षरं एकाच नमुन्याने भरणारं जेबीआयजी-२ कॉम्प्रेशन त्याच्या मुळाशी होतं. पान स्वच्छ दिसायचं आणि आकडा खोटा असायचा. म्हणून फाइल लहान करायचं कुठलंही साधन वापरताना त्यातला ‘लॉसी जेबीआयजी-२’ (मूळ तपशील गाळणारा प्रकार) बंद आहे याची खात्री करावी. इग्निशनचा पॉइंट गॅप आणि टायमिंग, टॉर्क आणि कार्ब्युरेटरच्या जेटचे नंबर असलेली पानं मूळ कागदाशी एकेक आकडा ताडून बघावीत.

कागदाची तयारी दुर्लक्षून चालत नाही. पिना मधोमध असतील तर बोथट पात्याने त्यांचे पाय सरळ करून जुडगा सोडवावा. गंजलेली पीन ओढली तर कागद फाटतो, ती कापून काढावी. ग्रीसच्या बोटांनी कागद पारदर्शक होतो आणि मागची छपाई पुढे दिसते. पानामागे काळा जाड कागद ठेवला की हा त्रास बराच कमी होतो, आणि सॉफ्टवेअरमधल्या ‘रिड्यूस शो-थ्रू’पेक्षा हा उपाय बरा, कारण त्या पर्यायात मेकॅनिकने पेन्सिलीने लिहिलेली नोंदही फिकी पडू शकते. डाग काढायला पेट्रोल किंवा थिनर लावायचा नाही, शाई विरघळते. कोकणातल्या दमट हवेत राहिलेली गुळगुळीत आर्ट पेपरची पानं एकमेकांना चिकटलेली असतील तर ओढून सोडवू नयेत, छपाईचा थरच निघून येतो.

छापील फोटोंवर जाळीसारखे पट्टे दिसले तर मॉयरे कमी करायचा पर्याय फक्त त्या पानापुरता चालू करावा, रेघांच्या ड्रॉइंगला तो बोथट करतो.

घडीच्या वायरिंग डायग्रामला मात्र या स्कॅनरवर चांगलाच घाम गाळावा लागतो. काच ए४ची आणि कागद ए३चा. दोन भागांत घ्या, मध्ये तीन-चार सेंटिमीटर सामाईक ठेवा, कागद फिरवू नका, फक्त सरकवा. ऑटो एक्स्पोजर बंद ठेवलं नाही तर दोन अर्ध्यांचा रंग वेगळा येतो. जोडायला ह्युजिन हे फुकटचं सॉफ्टवेअर आहे. रंग खरे असणं इथे गरजेचं आहे, लाल आणि तपकिरी वायर एकसारखी दिसली तर डायग्रामचा उपयोग शून्य. गॅस्केट किंवा टूलचं मापाबरहुकूम चित्र असेल तर शेजारी स्टीलची पट्टी ठेवून स्कॅन करावं, म्हणजे प्रिंट काढणारा ‘फिट टू पेज’ न करता माप तपासू शकेल.

पुढचं काम स्कॅन केलेली पानं नीटनेटकी करणाऱ्या स्कॅनटेलर अ‍ॅडव्हान्स्ड या सॉफ्टवेअरमध्ये. दिशा, पानं वेगळी करणं, तिरकेपणा, मजकुराची चौकट, समास, आउटपुट असा त्याचा क्रम आहे. आउटपुटला ‘मिक्स्ड’ ठेवला की फोटो शाबूत राहतो, पण मजकूर मात्र कृष्णधवल होतो. म्हणून आकड्यांच्या पानांना ‘कलर-ग्रेस्केल’च द्यावा. मग ओसीआरमायपीडीएफने ओसीआर करून, म्हणजे चित्रातली अक्षरं ओळखून, शोधता येणारा मजकूर घालावा, मराठी पत्रक असेल तर त्यामागच्या टेसरॅक्ट या अक्षरं ओळखणाऱ्या प्रोग्राममध्ये मराठीही आहे. ओसीआरवर विसंबून पार्ट नंबर कॉपी करू नये, ०चा ओ, ५चा एस, ८चा बी होतो. यामाहाच्या नंबरात तीन, पाच, दोन असे गट असतात. पहिला गट मॉडेल सांगतो, मधला भाग कोणता ते सांगतो. एक अक्षर चुकलं की दुसऱ्याच गाडीचा सुटा भाग घरी येतो.

वाटताना व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पान पाठवू नका, ते दाबून बारीक होतं. ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवलं तर जसंच्या तसं जातं. कायमचं ठेवायला इंटरनेट आर्काइव्ह चांगलं. तिथे ओसीआर आपोआप होतं, मात्र एकदा दिलेला आयडेंटिफायर (पानाच्या पत्त्यातलं नाव) तुम्हाला नंतर बदलता येत नाही, म्हणून आधीच नीट ठरवावा. छपाई थांबली म्हणून हक्क संपत नाही. यामाहा, रॉयल एनफिल्ड आजही धंद्यात आहेत, त्यांची मॅन्युअल्स जाहीर टाकण्याआधी परवानगी विचारावी.

नावात गाडी, मॉडेल आणि छपाईचं साल हवंच. राजदूत ३५० म्हणजे यामाहा आरडी ३५०बीचा भारतीय अवतार, तोही हाय टॉर्क आणि लो टॉर्क अशा दोन रूपांत, अनुक्रमे ३०.५ आणि २७ बीएचपीचा. बाहेरच्या आरडीचं मॅन्युअल नुसतं ‘आरडी ३५०’ नावाने फिरलं की लोक त्यातले जेटचे आकडे इथल्या गाडीला लावतात. पहिल्या पानावरचा कोड आणि साल फाइलच्या नावातच लिहा.