माती तपासणीचा शेकर आणि ग्राइंडर: गावठाणाच्या लाइनीवर उन्हाळाभर चालवल्यावर

आधी निकाल सांगून टाकते. शेकर, म्हणजे माती द्रावणात घालून हलवणारं यंत्र, डोळे झाकून घ्या. वाळलेली माती दळणारा ग्राइंडरही घ्या, पण त्याला जी मोटर लावून येते ती तशीच उचलू नका. माहितीपत्रकात मोटरीपुढे नुसतं ‘१ एचपी’ लिहिलेलं असतं. त्यावरून फार तर बिलाचा अंदाज येतो. मोटर आपल्या भिंतीतल्या सॉकेटवर चालेल की नाही, हे त्यातून कळत नाही.

आमची प्रयोगशाळा म्हणजे दारव्हा तालुक्यात, शेतकरी उत्पादक कंपनीच्या गोदामाला लागून असलेल्या दोन खोल्या. कनेक्शन गावठाणाच्या फिडरवरचं, सिंगल फेज. थ्री फेज शेतीच्या लाइनीवर येतं, तेही ठरलेल्या तासांपुरतं आणि कधी तर रात्री. डीपी, म्हणजे गावाला वीज देणारा ट्रान्सफॉर्मर, गावाच्या पार दुसऱ्या टोकाला. त्यात माती तपासणीचं काम अंगावर येतं ते एप्रिल-मे महिन्यात, कारण तूर-हरभरा निघून शेत मोकळं झालेलं असतं आणि पेरणीला अवकाश असतो. नेमक्या त्याच दिवसांत घरोघरी कूलर सुरू होतात आणि व्होल्टेज बसतं. कागदावर आपला पुरवठा २३० व्होल्ट. मे महिन्यात दुपारी मीटर लावला तर १८०च्या आसपास दिसतं, आणि संध्याकाळी पिठाची चक्की सुरू झाली की आणखी खाली.

साध्या इंडक्शन मोटरीची ताकद व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटते. २३०च्या जागी १८० मिळालं तर जोर उरतो जेमतेम ६१ टक्के. काळ्या मातीचं वाळलेलं ढेकूळ फोडायला तो पुरत नाही. मोटर गुणगुणते, फिरत नाही आणि तापत जाते. सुरू होताना तर ती नेहमीच्या पाच-सात पट करंट ओढते, म्हणजे १ एचपीची सिंगल फेज मोटर क्षणभर ३५-४० अँपिअर मागते. तेवढ्यात लांबच्या वायरीतलं व्होल्टेज आणखी पडतं. शेजारच्या एका संस्थेतला ग्राइंडर असाच जळाला. आमच्या वायरमन काकांनी तो उघडून पाहिला आणि म्हणाले, “ताई, मोटरीले काही दोष नाही. लाइनीतच दम नाही, ते बिचारी काय करन?”

म्हणून ग्राइंडरसाठी आम्ही उलटा रस्ता धरला. मोटर थ्री फेजचीच घेतली आणि तिच्यापुढे सिंगल फेजवर चालणारा व्हीएफडी लावला, म्हणजे विजेचे हर्ट्झ बदलून मोटरीचा वेग सांभाळणारं उपकरण. इथे एक बारकावा आहे, आणि तो विक्रेते स्वतःहून सांगत नाहीत. २३० व्होल्ट घेणारा साधा व्हीएफडी तीन फेज तयार करतो खरा, पण त्याही २३० व्होल्टच्याच. मोटरीच्या प्लेटवर ४१५ व्होल्ट, स्टार जोडणी (तिन्ही गुंडाळ्यांचं एकेक टोक एकत्र बांधलेलं) असं असेल आणि ती तशीच जोडली, तर जोर मिळतो तिसऱ्या हिश्श्यापेक्षाही थोडा कमी. मोटरीतून सहाही टोकं बाहेर काढलेली हवीत, म्हणजे टर्मिनलवरच्या पत्र्या हलवून डेल्टा जोडणी (गुंडाळ्या त्रिकोणात जोडणं) करता येते आणि तीच मोटर २४० व्होल्टची होते. डेल्टामध्ये करंट पावणेदोन पट होतो. आमच्या मोटरीच्या प्लेटवर १.८ अँपिअर आहे, डेल्टात ते ३.१ होतं, आणि व्हीएफडी त्या ३.१वर निवडायचा. काही मोटरींत स्टारचा जोड आतच बांधून तीनच टोकं बाहेर देतात. ऑर्डर देण्याआधी टर्मिनल बॉक्स उघडून फोटो पाठवा म्हणावं. आम्ही मागितला तेव्हा फोनवर जरा कुरकूर झाली, पण फोटो आला.

हंगामभर वापरल्यावर सांगते, ही जोडी उत्तम चालली. मोटर सावकाश वेग घेते, दिवे मिचकत नाहीत. व्होल्टेज फारच बसलं की व्हीएफडी पडद्यावर ‘अंडर व्होल्टेज’ दाखवून स्वतःच थांबतो. काम अडतं, पण वायंडिंग वाचतं. एक त्रास मात्र झाला. ग्राइंडर सुरू असला की पलीकडच्या टेबलावरच्या पीएच मीटरचा आकडा नाचायला लागायचा. व्हीएफडीपासून मोटरीपर्यंत जाळीदार आवरणाची केबल टाकली, आवरण अर्थ केलं, पीएच मीटरला वेगळी लाइन दिली, तेव्हा तो स्थिरावला. अर्थिंगचा खड्डाही उन्हाळ्यात कोरडा पडतो आणि काळी माती भेगाळून पट्टीपासून सुटते. त्यात पाणी ओतत राहावं लागतं.

उष्णतेचं वेगळंच आहे. मोटरीची क्षमता साधारणपणे ४० अंश भोवतालचं तापमान धरून लिहिलेली असते. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५च्या घरात जातो आणि खोलीवर टिनाचं छप्पर. त्यामुळे दळण आम्ही सकाळी दहाच्या आत उरकतो. शिवाय व्हीएफडीवर वेग फार कमी ठेवला तर मोटरीचा स्वतःचा पंखाही हळू फिरतो, हे ध्यानात असू द्या.

शेकरबद्दल लिहिण्यासारखं कमीच, कारण त्याने काही डोकेदुखीच दिली नाही. त्यात ब्रश नसलेली डीसी मोटर आहे आणि तिचा पुरवठा १०० ते २४० व्होल्टपर्यंत काहीही चालवून घेतो. आमच्या चुनखडीच्या जमिनीत स्फुरद काढायला ओल्सन पद्धत लागते. ८.५ पीएचच्या सोडियम बायकार्बोनेटच्या द्रावणात माती अर्धा तास हलवायची. वेग दिवसागणिक बदलला तर एकाच मातीचा स्फुरद आज एक आणि उद्या दुसरा. घेताना आम्ही १७० व्होल्टवर चालवून पाहिला होता, फेऱ्यांत फरक पडला नाही. आताही पडत नाही. बाटल्या धरणाऱ्या स्प्रिंगा मात्र हलक्या आहेत, काही बदलाव्या लागल्या.

मधल्या काळात परदेशी राहणाऱ्या गावच्याच एकाने अमेरिकेतला जुना सेंट्रिफ्यूज, म्हणजे नळ्या गरगर फिरवून गाळ तळाशी बसवणारं यंत्र, देऊ केला होता. त्यावर ११५ व्होल्ट, ६० हर्ट्झ आणि इंडक्शन मोटर. ट्रान्सफॉर्मर लावला की झालं, असं सगळे म्हणत होते. ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज उतरवतो, हर्ट्झ बदलत नाही. आपल्या ५० हर्ट्झवर ती मोटर सहापैकी पाचच भाग वेगाने फिरते आणि फिरण्यामुळे नळीतल्या द्रवावर पडणारं बळ ६९ टक्क्यांवर येतं. वर ११५ व्होल्ट दिलं तर तापते, ९६च्या आसपास द्यावं लागतं. फुकटचं यंत्र नम्रपणे नाकारलं. काही मंडळी अजून नाराज आहेत.

स्टॅबिलायझरवर भिस्त ठेवू नका. तो व्होल्टेज उचलतो तेव्हा लाइनीतून करंट जास्त ओढतो, आणि मोटरीसाठी सुरुवातीचा धक्का धरून तो भलताच मोठा घ्यावा लागतो. पालाश मोजणाऱ्या फ्लेम फोटोमीटरपुढे आमच्याकडे छोटा आहे, तिथे तो ठीक.

वॉरंटीचंही पाहून घ्या. छापील कार्डावर ‘व्होल्टेजच्या चढउतारामुळे झालेला बिघाड धरला जाणार नाही’ असं होतं. आम्ही कोटेशनवरच लिहून घेतलं की ग्राइंडर व्हीएफडीसह १८० व्होल्टवर माती भरून चालला पाहिजे, आणि तसा चालल्यावरच उरलेली रक्कम दिली.